मुतखडा बाहेरून फुटतो, मग मोतीबिंदू का नाही?

दसरा उलटला की आमच्या शिरूर कासार तालुक्यातली गावे अर्धी रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेल्या टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरवर बिऱ्हाड टाकून पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली शाळकरी लेकरे. टोळ्या निघण्याच्या आधीच्या आठवड्यात सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत एक वेगळीच गर्दी असते. जाणारा मुलगा आईला किंवा वडिलांना दाखवून, बीपी-शुगरच्या गोळ्यांची पिशवी भरून घेऊन जातो. पुढचे पाच-सहा महिने त्याला यायला जमणार नसते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी एक तरुण आईला घेऊन आला होता. बीपीच्या गोळ्या लिहून झाल्या आणि उठता उठता तो म्हणाला, ‘साहेब, आईला दिसंना झालंय. चुलीपाशी चाचपडती.’ मी बॅटरी टाकून पाहिले. डाव्या डोळ्याची बाहुली पांढरीशुभ्र झालेली होती. समोर धरलेली बोटे त्या डोळ्याने मोजता येत नव्हती, हात हलवलेला तेवढा कळत होता. उजव्या डोळ्यातही मोतीबिंदू होता, पण कामापुरते दिसत होते. ‘मोतीबिंदू आहे, ऑपरेशन करावे लागेल,’ मी सांगितले.

त्यावर तो म्हणाला, ‘साहेब, मागच्या साली माझा मुतखडा बाहेरूनच फोडला. चिरफाड नाही, टाका नाही. मोबाइलवर दाखवतात, डोळ्याचंबी तसंच मशीन निघालंय म्हणे. आवाजाच्या लाटेनं मोतीबिंदू आतल्या आत फुटतो. त्ये आपल्याकडं येईपर्यंत थांबलं तर?’

मी हसलो. बाहेर पन्नास माणसांची रांग होती. ‘तसले काही नसते रे. हंगाम संपवून ये, मग बघू. एवढी घाई नाही,’ असे म्हणून पुढच्या रुग्णाला हाक मारली.

त्या दोन वाक्यांत माझ्या दोन चुका झाल्या. तो प्रश्न हसण्यासारखा नव्हता आणि घाई होती.

मार्च महिन्यात त्या आजींना शेजारची एक बाई धरून घेऊन आली. तीन दिवसांपासून डोके फुटेल इतके दुखत होते, उलट्या होत होत्या. पित्त समजून त्यांनी गोळ्याही घेतल्या होत्या. डावा डोळा लालभडक होता आणि पापणीवरून बोटांनी दाबून पाहिला तर गोटीसारखा टणक लागत होता. जुनाट मोतीबिंदूमुळे डोळ्यातला दाब वाढला होता. त्याच दिवशी त्यांना बीडला पाठवले. दाब उतरला, दुखणे थांबले, मोतीबिंदूही निघाला. पण त्या डोळ्याला दृष्टी परत आली नाही. वाढलेल्या दाबाने मागची नस कायमची निकामी झाली होती.

त्या मुलाला मी जे उत्तर तेव्हा द्यायला हवे होते, ते आज सविस्तर देतो आहे. तो प्रश्न आजही अनेकांच्या मनात आहे.

डोळ्यातले भिंग

डोळ्याच्या काळ्या भागामागे, बाहुलीच्या बरोबर पाठीशी एक पारदर्शक भिंग असते. रुंदी साधारण एक सेंटीमीटर, जाडी चार-पाच मिलिमीटर. आकार मसुराच्या दाण्यासारखा, पण दाण्यापेक्षा मोठा. त्याच्याभोवती अतिशय पातळ पारदर्शक पिशवी असते. भिंगाचा जवळपास दोन तृतीयांश भाग पाणी आणि एक तृतीयांश भाग प्रथिने. इतकी प्रथिने असूनही ते काचेसारखे स्वच्छ राहते, कारण ही प्रथिने आणि भिंगाचे तंतू अत्यंत शिस्तीत रचलेले असतात.

या भिंगात ना रक्तवाहिनी असते ना मज्जातंतू. दुसरी गंमत अशी की जन्मभर त्याच्यावर बाहेरून नवे थर चढत राहतात आणि जुने थर मध्यभागी दाबले जातात. बाभळीचे खोड आडवे कापले तर आतला गाभा सर्वांत जुना आणि टणक असतो, तसेच. सत्तरीच्या माणसाच्या भिंगाचा अगदी आतला गाभा तो आईच्या पोटात असतानाचा असतो. शरीराच्या फार थोड्या भागांना इतके दिवस बदलीशिवाय काम करावे लागते.

वय वाढते तसे भिंग ताठर होते. म्हणून चाळिशीत जवळचे वाचायला चष्मा लागतो. पुढे प्रथिनांचे गठ्ठे बनू लागतात, भिंग पिवळट, तपकिरी किंवा पांढरे होते. हाच मोतीबिंदू. मधुमेह, तंबाखू, वर्षानुवर्षांचे ऊन, डोळ्याला लागलेला मार आणि डॉक्टरांना न विचारता घेतलेली स्टिरॉइडची औषधे यांनी तो लवकर येतो. अंडे उकडले की पांढरे झालेले पुन्हा पारदर्शक होत नाही. मोतीबिंदूचे जवळपास तसेच आहे. म्हणूनच आजवर कोणत्याही थेंबाने, मधाने किंवा अर्काने तो विरघळल्याचे सिद्ध झालेले नाही. २०१५ मध्ये लॅनोस्टेरॉल नावाच्या द्रव्याने कुत्र्यांच्या मोतीबिंदूत फरक पडल्याची बातमी जगभर गाजली होती. पण माणसांच्या डोळ्यांतून काढलेल्या मोतीबिंदूंवर प्रयोग केले तेव्हा तसा परिणाम दिसला नाही.

बुडबुड्याची ताकद

आता आवाजाच्या लाटेकडे येऊ. आपल्याला सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्यापुढचा आवाज म्हणजे अल्ट्रासाउंड. सोनोग्राफीत हीच लाट असते, फक्त ती कमी ताकदीची आणि सेकंदाला काही दशलक्ष कंपनांची असते. म्हणून पोटातल्या बाळावर सोनोग्राफी करता येते.

ताकद वाढवली की मात्र द्रवात एक वेगळीच गोष्ट घडते. पाणी तापवले की बुडबुडे येतात, हे आपण रोज पाहतो. पण पाणी न तापवता, त्याच्यावरचा दाब एकदम कमी केला तरी बुडबुडे येतात. इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये थोडे पाणी घ्या, पुढचे तोंड बोटाने बंद करा आणि दट्ट्या जोरात मागे ओढा. पाण्यात बारीक बुडबुडे दिसतील. सोडले की ते गायब होतात. बुडबुडे तयार होऊन कोसळण्याच्या या प्रकाराला कॅव्हिटेशन म्हणतात.

शेतकऱ्यांना हा प्रकार नावाने नाही तरी अनुभवाने माहीत आहे. विहिरीचे पाणी खोल गेले आणि काठावरच्या मोटारीला ते ओढायला जड जाऊ लागले की पंपातून खडे घोळल्यासारखा आवाज येतो. काही दिवसांनी पंप उघडला तर आतल्या पंख्याला खड्डे पडलेले दिसतात. पाण्यात खडे नसतातच. बुडबुडे पंख्यापाशी येऊन कोसळतात आणि लोखंड कोरून काढतात. जहाजांच्या पंख्यांचे असेच नुकसान होऊ लागले तेव्हा ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये याचे गणित मांडले. बुडबुडा कोसळतो तेव्हा एका सूक्ष्म बिंदूपाशी क्षणभर प्रचंड दाब तयार होतो, असे त्यातून दिसले.

जो बुडबुडा लोखंड कोरतो, तो डोळ्यात कामाला लावायचा कसा?

दातांच्या खुर्चीवर सुचलेली युक्ती

मी वैद्यकीय शिक्षण घेत होतो तेव्हा मोतीबिंदूचे ऑपरेशन म्हणजे डोळ्याला जवळपास अर्धवर्तुळाकार चीर देऊन अख्खे भिंग बाहेर काढणे, वर टाके घालणे असाच प्रकार बहुतेक शिबिरांत होता. रुग्णाला दिवसच्या दिवस पडून राहावे लागे. नंतर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. तो फुटला की माणूस पुन्हा आंधळा. गावात असे चष्मे लावलेले, पायरी चुकणारे म्हातारे अनेकांनी पाहिले असतील.

न्यूयॉर्कमधले नेत्रतज्ज्ञ चार्ल्स केलमन यांना एवढ्या मोठ्या चिरेऐवजी बारीक छिद्रातून भिंग काढायचे होते. त्यांनी अनेक प्रकारची उपकरणे करून पाहिली, पण एकही जमेना. अशातच ते एकदा दात साफ करून घ्यायला गेले. दंतवैद्याच्या हातातले उपकरण अल्ट्रासाउंडने थरथरत होते आणि दात न हलवता त्यावरचे किटण उडवत होते. केलमन यांना तिथे उत्तर सापडले. १९६७ मध्ये त्यांनी या तंत्राने माणसावर पहिले ऑपरेशन केले. तो डोळा आधीच दृष्टी गेलेला होता. ऑपरेशन काही तास चालले आणि निकाल चांगला आला नाही. तरी त्यांनी नाद सोडला नाही. सहकाऱ्यांनी पुष्कळ टीका केली. पुढे हेच तंत्र जगभर ‘फेको’ नावाने पसरले. २००४ मध्ये केलमन वारले आणि त्याच वर्षी त्यांना वैद्यकातला मानाचा लास्कर पुरस्कार मरणोत्तर मिळाला.

फेकोमध्ये नेमके काय होते? पारपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या कडेला दोन-तीन मिलिमीटरचे छिद्र घेतात. आत एक चिकट पारदर्शक जेल भरतात. भिंगाच्या पिशवीला पुढून साधारण पाच मिलिमीटरचे गोल तोंड करतात. मग टायटॅनियमची पोकळ सुई आत जाते. हँडपीसमधल्या स्फटिकांना वीज दिली की ही सुई सेकंदाला सुमारे ४० हजार वेळा पुढे-मागे होते. तिची धाव मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. सुई पुढे येते तेव्हा ती भिंगाला छिन्नीसारखी ठोकते. मागे जाते तेव्हा तिच्या टोकापाशी दाब घटून बुडबुडे होतात आणि कोसळताना कठीण गाभ्याचे तुकडे करतात. यात ठोक्याचा वाटा किती आणि बुडबुड्यांचा किती, यावर तज्ज्ञांमध्ये अजून मतभेद आहेत. तुकडे झाले की त्याच पोकळ सुईतून ते ओढून घेतले जातात. पिशवी जागेवर ठेवतात आणि तीत घडी घातलेले कृत्रिम भिंग सोडतात, ते आत उलगडते.

म्हणजे त्या मुलाने मोबाइलवर पाहिलेले अगदीच खोटे नव्हते. आवाजाच्या लाटेने मोतीबिंदू फुटतो, आणि तो पन्नासहून अधिक वर्षे फोडला जातो आहे. फरक एवढाच की सुई आत न्यावी लागते.

मग बाहेरून का नाही?

भिंगाने सूर्यकिरण एका बिंदूवर आणून कागद पेटवता येतो. अल्ट्रासाउंडही तसाच शरीराबाहेरून आतल्या एका बिंदूवर एकवटता येतो. वाटेतल्या भागांना फारसा धक्का न लागता तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेवर परिणाम होतो. आवाजाची लाट अशी एकवटून रोग हटवणे ही आता कल्पना राहिलेली नाही. मुतखडा बाहेरून फोडण्याचा पहिला उपचार १९८० मध्ये जर्मनीतल्या म्युनिक शहरात झाला. त्या धक्क्याच्या लाटांमध्येही बुडबुडे मदतीला येतात. हात थरथरण्याच्या एका आजारावर कवटी न उघडता मेंदूत अल्ट्रासाउंड एकवटण्याच्या उपचाराला अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली. यकृतातल्या गाठी केवळ बुडबुड्यांनी चुरडण्याच्या यंत्राला तिथे २०२३ मध्ये परवानगी मिळाली.

डोळ्यातही हे तंत्र वापरले जाते, पण ते काचबिंदूत. १९८० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी एकवटलेला अल्ट्रासाउंड वापरून डोळ्यातला दाब कमी करून दाखवला. डोळ्यात पाणी तयार करणाऱ्या भागाला थोडी उष्णता दिली की पाणी कमी तयार होते आणि दाब उतरतो. याची सुधारित यंत्रे आज काही देशांत वापरात आहेत.

मोतीबिंदूची गोष्ट मात्र वेगळी आहे, त्याची कारणे साधी आहेत.

पहिले कारण, फुटलेला चुरा जाणार कुठे? मुतखड्याचा चुरा लघवीवाटे बाहेर पडतो. यकृतातला चुरडलेला भाग शरीर हळूहळू शोषून घेते. भिंगाच्या बंद पिशवीत ना रक्तवाहिनी ना वाट. चुरा आतच राहिला तर नजर आणखी गढूळ होणार. पिशवी फाटून तो बाहेर आला तर डोळा त्याला परका समजून सुजतो, पाणी निघून जाण्याची जाळी तुंबते आणि दाब चढतो. आमच्या आजींच्या डोळ्यात याच जातीचा प्रकार घडला होता.

दुसरे कारण, भिंगाची पारदर्शकता ही रचनेची शिस्त आहे. शक्तिशाली लाट ती शिस्तच मोडते. १९५० च्या सुमारास प्राण्यांच्या डोळ्यांवर एकवटलेल्या अल्ट्रासाउंडचे प्रयोग झाले, तेव्हा चांगल्या भिंगात मोतीबिंदू तयार झाला होता. आपण ज्याने मोतीबिंदू घालवायचे म्हणतो, त्याने तो आणताही येतो. शिवाय भिंगात रक्त फिरत नसल्याने तिथे तयार झालेली उष्णता वाहून नेणारे कोणी नसते.

तिसरे कारण शेजाऱ्यांचे. भिंगाच्या मागची पिशवी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षाही पातळ असते. पुढे पारपटलाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो आणि माणसात त्या पेशी मेल्या तर नव्या तयार होत नाहीत. मागे दृष्टिपटल. फेको करताना तज्ज्ञ जेल भरतो, गार पाणी खेळते ठेवतो, सुईचे टोक डोळ्यासमोर ठेवून क्षणाक्षणाला ताकद कमी-जास्त करतो, ते याच शेजाऱ्यांना जपण्यासाठी.

आणि चौथे कारण सर्वांत सोपे. समजा, भिंग बाहेरूनच नाहीसे करता आले, तरी डोळ्याच्या एकूण शक्तीतला जवळपास तिसरा हिस्सा भिंगाचा असतो. ते गेले की पुन्हा तोच जाड चष्मा. तो नको असेल तर कृत्रिम भिंग आत ठेवायला छिद्र घ्यावेच लागणार. मग त्याच छिद्रातून मोतीबिंदू काढलेला काय वाईट?

प्रयोग थांबलेले नाहीत

डोळ्याच्या आत बाहेरून बुडबुडे तयार करण्याचे काम आज अल्ट्रासाउंडऐवजी प्रकाशाने होते. फेमटोसेकंद लेझरचे अत्यंत सूक्ष्म झोत भिंगात सोडले की जिथे झोत एकवटतो तिथे बुडबुडा होतो आणि भिंग कापले जाते. बुडापेस्टचे डॉ. झोल्टान नॉजी यांनी २००८ मध्ये मोतीबिंदूच्या ऑपरेशनात ते प्रथम वापरले. मोठ्या शहरांतल्या खासगी रुग्णालयांत ‘ब्लेडविना ऑपरेशन’ म्हणून जाहिरात होते ती याची. पण त्यातही लेझर फक्त पिशवीचे तोंड आणि गाभ्याचे काप करून देतो. ते काप काढायला सुई आणि छिद्र लागतेच. फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये झालेल्या मोठ्या चाचण्यांत, नीट केलेल्या साध्या फेकोपेक्षा लेझरने रुग्णाची नजर जास्त सुधारल्याचे दिसले नाही. खर्च मात्र जास्त.

ताठर झालेल्या भिंगात बारीक बुडबुड्यांनी फटी पाडून ते लवचीक करता येईल का आणि चाळिशीचा चष्मा घालवता येईल का, यावरही १९९८ पासून विचार आणि प्रयोग चालू आहेत. कल्पना चांगली आहे. पण ती आजच्या नेहमीच्या उपचारात आलेली नाही. उद्या आली तर मी याच जागी आनंदाने लिहीन. त्या आशेवर आज पांढरी बाहुली घेऊन बसणे मात्र योग्य नाही.

भारी यंत्र की वेळेवरचे ऑपरेशन?

‘फेकोच पाहिजे, सरकारी दवाखान्यात साधं करतात,’ असे म्हणून लोक पैसे जमेपर्यंत थांबतात. यावर महाराष्ट्रातच झालेला एक अभ्यास सांगतो. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्ररुग्णालयात डॉ. परीक्षित गोगटे आणि सहकाऱ्यांनी ४०० रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी केली. एका गटाचे फेको केले. दुसऱ्या गटाचे, यंत्राविना थोड्या मोठ्या पण बिनटाक्याच्या छिद्रातून हाताने भिंग काढण्याचे ऑपरेशन केले. २००५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा आठवड्यांनंतर चष्म्याशिवाय चांगले दिसणारे फेकोच्या गटात ८१ टक्के होते, तर हाताने केलेल्या गटात ७१ टक्के. पण योग्य नंबरचा चष्मा दिल्यावर दोन्ही गटांत ९८ टक्क्यांहून अधिक रुग्णांना चांगले दिसत होते. चांगले म्हणजे, निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून दिसणारे अक्षर किमान ६ मीटरवरून वाचता येणे.

म्हणजे फेकोचा फायदा आहे, तो नाकारायचे कारण नाही. छिद्र लहान, चष्म्याचा नंबर कमी. पण खूप पिकलेल्या, लाकडासारख्या कडक मोतीबिंदूत फेकोला जास्त ताकद लावावी लागते आणि पारपटलाच्या पेशी जास्त मरतात. अशा डोळ्यात अनुभवी हाताने केलेले दुसरे ऑपरेशन अनेकदा जास्त सुरक्षित ठरते. कोणते करायचे ते डोळा पाहून नेत्रतज्ज्ञ ठरवतील.

आपल्या मराठवाड्याला हे परके नाही. लातूर जिल्ह्यातल्या माकेगावात गरीब घरात जन्मलेले डॉ. तात्याराव लहाने मुंबईच्या जे. जे. या सरकारी रुग्णालयात राहून एक लाखाहून अधिक लोकांचे मोतीबिंदू काढू शकले. २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

थांबण्याची किंमत

आपल्या देशात राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. त्यामुळे सरकारी रुग्णालयांत मोतीबिंदूचे ऑपरेशन आणि भिंग मोफत मिळते. तरीही २०१५ ते २०१९ दरम्यानच्या राष्ट्रीय पाहणीत, पन्नाशीवरच्या अंधांपैकी ६६ टक्के जणांच्या अंधत्वाचे कारण उपचार न झालेला मोतीबिंदू हेच निघाले. अर्ध्या तासाच्या आत होणाऱ्या ऑपरेशनने जाऊ शकणारे हे अंधत्व आहे.

मोतीबिंदू पूर्ण पिकल्यावरच काढायचा, ही समजूत जुन्या पद्धतीच्या काळातली आहे. आता ती सोडून द्यावी. फार पिकलेले भिंग एक तर फुगते आणि डोळ्यातल्या पाण्याची वाट अडवते, किंवा आत वितळून पिशवीतून झिरपते. दोन्हींमुळे दाब चढतो. डोळा लाल होणे, भयंकर डोकेदुखी, उलट्या, दिव्याभोवती रंगीत वर्तुळे ही त्याची लक्षणे. याला पित्त किंवा अर्धशिशी समजून घरी थांबलेला प्रत्येक दिवस नजर खातो.

आणि ज्या घरातली कर्ती माणसे फडात असतात, तिथे म्हातारीची नजर ही एकट्या म्हातारीची गोष्ट नसते. नातवंडांची भाकरी, अंगणातला विंचू, औषधाच्या पट्टीवरची गोळी, मुलाला फोन लावणे, सगळे तिच्याच डोळ्यांवर चालते.

लक्षात ठेवा

• साठी उलटली की वर्षातून एकदा डोळे तपासा. मधुमेह असेल तर वय न पाहता दरवर्षी तपासा.

• रोजच्या कामात अडचण यायला लागली की ऑपरेशनचा विचार करा. बाहुली पांढरी होण्याची वाट पाहू नका.

• ऑपरेशन कोणत्याही ऋतूत करता येते. थंडीतच करावे असे काही नाही. मात्र त्यानंतर साधारण महिना-दीड महिना थेंब टाकावे लागतात, डोळ्याला धूळ, धूर आणि आंघोळीचे पाणी लागू द्यायचे नसते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी श्रावण-भाद्रपदातच तपासणी करून घेतली, तर मुले घरी असताना सगळे उरकते.

• जवळच्या ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी कोणत्या दिवशी असतात ते विचारून या. पुढच्या उपचारासाठी बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे.

• शुगर आणि बीपीच्या गोळ्या ऑपरेशन आहे म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना दाखवा.

• ऑपरेशननंतर डोळा जास्त दुखू लागला, लाल झाला किंवा नजर कमी झाली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा.

• थेंबाने, मालिशने किंवा बाहेरून यंत्र लावून मोतीबिंदू विरघळवतो असे कोणी म्हटले, तर पैसे देण्याआधी सरकारी दवाखान्यात येऊन विचारा. प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.

त्या आजींच्या उजव्या डोळ्याचे ऑपरेशन पुढे दोन महिन्यांनी झाले. मुलगा तेव्हा गावीच होता. त्या डोळ्याने त्यांना चांगले दिसते. आता दर महिन्याला बीपीच्या गोळ्या न्यायला एकट्या येतात. एकदा त्यांनी मला विचारले, ‘साहेब, ते मशीन आलं तर हा डावा उघडंल का?’ या वेळी मी हसलो नाही. खुर्ची पुढे ओढली, भिंग वेगळे आणि नस वेगळी हे समजावून सांगितले. ‘नाही उघडणार, आजी,’ म्हणालो. त्यांनी मान हलवली, पिशवीतल्या गोळ्या डोळ्याजवळ धरून एकेक मोजल्या आणि म्हणाल्या, ‘मग माझ्या शेजारणीला सांगते, थांबू नको म्हणून. तिचीबी बाहुली पांढरी दिसायलीय.’

दुसऱ्या आठवड्यात त्या शेजारणीला घेऊन आल्या.